बेस पेपर आणि हरण्या

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला 'बेस पेपर' नावाचा एक प्रकार असतो. ज्यांनी बीई केलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. प्रोजेक्टचा विषय घेऊन गाईडसमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न 'तुझ्या डोक्यात काय आहे?' हा नसतो. 'बेस पेपर कोणता?' हा असतो. कुणीतरी आधी केलेलं, छापून आलेलं, शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम दाखवायचं आणि त्याच्यापुढे आपण काय करणार ते लिहून द्यायचं. कल्पना वाईट नाही, संशोधन असंच पुढे जातं. पण व्यवहारात काय होतं? अख्खा वर्ग एकच वेबसाइट उघडतो. पेपरचा गोषवारा फुकट दिसतो तेवढा वाचतो. खाली कुलपाचं चित्र आणि तीस-पस्तीस डॉलरचा आकडा दिसला की मागे फिरतो. जो पेपर उघडला, तो आपला विषय. अशा रीतीने जळगाव जिल्ह्यातल्या पोरांच्या प्रोजेक्टचा विषय एक कुलूप ठरवतं.

मी २०१८-१९ ला जळगावात शेवटच्या वर्षाला होतो. (पहिल्या तीन वर्षांच्या मार्कशीटवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, शेवटच्या वर्षी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. २०१८ मध्ये नाव बदललं. कंपनीच्या व्हेरिफिकेशनवाल्याला हे एकच विद्यापीठ आहे हे समजावण्यात माझे तीन ईमेल गेले.) वर्गात निम्म्या ग्रुपांचे विषय 'स्मार्ट' या शब्दाने सुरू होत होते. स्मार्ट पार्किंग, स्मार्ट डस्टबिन. जळगावात पार्किंगचा प्रश्न नाही असं नाही, पण त्या पोरांना तो पडलेला नव्हता. पुण्यात एक दुकान कोडसकट रिपोर्ट देतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मला पडलेला प्रश्न मामाच्या शेतातला होता. मामा रावेर तालुक्यात केळी लावतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरातली लग्नं, फिया आणि भांडणं केळीच्या भावावर ठरत आलीत. त्या पावसाळ्यात बागेतल्या काही पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. औषधाच्या दुकानदाराने करपा म्हणून बुरशीनाशक दिलं. शेजारचे एक आजोबा बांधावरून पान बघून म्हणाले, "हा करपा नही रे भो, हरण्या हाये. याले फवारनी करून काई फायदा नही. झाड उपटाच लागते."

करपा म्हणजे सिगाटोका, बुरशीचा रोग. पानावर बारीक रेषा येतात, मग त्यांचे तपकिरी ठिपके होतात, ठिपक्याचं मधलं अंग राखाडी पडतं. फवारणीने तो आटोक्यात ठेवता येतो. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, सीएमव्ही. तो मावा किडीमार्फत पसरतो आणि त्याला औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं, मावा आवरायचा, आसपासचं तण काढायचं, एवढंच हातात असतं. सुरुवातीच्या दिवसांत नवख्या डोळ्याला दोन्हीची पानं 'पिवळी पडलेली' एवढीच दिसतात. हरण्याला करपा समजलं तर फवारणीचा खर्च जातो तो जातोच, वर रोगट झाड बागेत उभं राहून शेजारच्या झाडांना रोग देत राहतं. म्हणजे प्रश्न साधा होता: मोबाइलने काढलेल्या फोटोवरून हे दोन वेगळे ओळखता येतील का?

बेस पेपर मिळाला, आणि तोही फुकट. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांचा २०१६ चा पेपर तेव्हा सगळेच वापरत होते. 'प्लांटव्हिलेज' नावाचा ५४,३०६ फोटोंचा साठा, १४ पिकं, २६ रोग, आणि अचूकता ९९.३५ टक्के. वर्गातल्या दोन ग्रुपांनी हाच घेतला होता आणि त्यांचं डिसेंबरातच काम संपलं होतं. पण पेपर शेवटपर्यंत वाचला की दोन गोष्टी कळतात. एक, त्या १४ पिकांत केळी नाही. सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, केळी नाही. दुसरी गोष्ट लेखकांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिली आहे. ते फोटो तोडलेली पानं साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले होते. वेगळ्या परिस्थितीतले, बाहेरून मिळवलेले फोटो दिले तेव्हा तीच अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. ९९ वरून ३१. मामाची बाग त्या ३१ वाल्या जगात आहे.

म्हणजे फोटो मलाच काढावे लागणार होते. ते काढले, साडेचारशेच्या आसपास. पण कोणत्या फोटोला करपा म्हणायचं आणि कोणत्याला हरण्या, हे ठरवायचं कुणी? मी कॉम्प्युटरवाला. मशीनला शिकवण्याआधी मला शिकायला हवं होतं. इथे पहिल्यांदा मी परीक्षेखेरीज दुसऱ्या कारणासाठी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो.

कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण अशी लायब्ररी धुळ्यापासून नागपूरपर्यंत कुठेही सापडेल. दर्शनी कपाटात जाड परदेशी पुस्तकं, काचेआड, कुलूप लावून. काउंटरवर टेकमॅक्सच्या झिजलेल्या प्रती, ज्या खरंच वापरल्या जातात. कोपऱ्यात 'डिजिटल लायब्ररी' अशी पाटी आणि तिच्याखाली सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. तपासणीची कमिटी येणार असली की सहाही चालू. आणि मागच्या भिंतीला काळ्या रेक्झिनच्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे जुन्या प्रोजेक्टचे रिपोर्ट, वर्षानुसार लावलेले. विषयानुसार नाहीत, म्हणजे कुणी केळीवर काही केलं असेल तर ते शोधायला अख्खी भिंत उतरवावी लागणार.

लायब्ररीवाले सर मात्र वेगळे निघाले. मी विचारलं, "सर, केळीच्या रोगांवर पुस्तक आहे का?" ते म्हणाले, "पुस्तक नाही. पण तुला नेमकं काय हवंय?" चार वर्षांत त्या इमारतीत कुणी मला हे विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि पुढच्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते खरं तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

शोधगंगा सगळ्यांना ऐकून माहीत असते: गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा पीएचडी प्रबंधांचा साठा, कुणालाही खुला. पण शेतीवरचे प्रबंध तिथे शोधत बसलास तर निराश होशील, सर म्हणाले. कृषी विद्यापीठांचं वेगळं घर आहे, कृषिकोश. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीचं काम तिथे बघ. दुसरं, आपलं कॉलेज डेलनेटचं सभासद आहे. दिल्लीहून चालणारं ग्रंथालयांचं जाळं, एका ग्रंथालयात नसलेलं दुसऱ्याकडून मागवून देतात. युजरनेम-पासवर्ड? त्यांनी ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली. "मागायला कुणी येत नाही." एन-लिस्ट म्हणून आणखी एक योजना होती, पण ती मुख्यतः कला-विज्ञान-वाणिज्यच्या कॉलेजांसाठी. माझा बीएस्सीवाला मित्र जळगावातच दुसऱ्या कॉलेजात होता, त्याच्या नावाने हजारो जर्नल्स उघडी होती आणि त्याला ते माहीतच नव्हतं. मला हवी होती, तर माझ्या कॉलेजाला ती लागू नव्हती.

कृषिकोशात एक जुना एमएस्सीचा प्रबंध सापडला, बरोब्बर विषयावरचा. लक्षणांच्या पायऱ्या व्यवस्थित लिहिलेल्या. आणि जिथे रंगीत फोटो असायला हवे, तिथे स्कॅनिंगमध्ये काळे डाग. कोणे एके काळी कुणीतरी फोटो स्टुडिओत प्रिंट काढून, डिंकाने पानावर चिकटवलेले ते फोटो काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये संपले होते. पिवळा कुठे संपतो आणि तपकिरी कुठे सुरू होतो हाच माझा प्रश्न, आणि तेवढंच गायब.

सरांनी चौकशी केली. मूळ प्रत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बघायला मिळेल असं कळलं. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या: सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात अंतिम वर्षात शिकत असून त्यास संदर्भासाठी आपले ग्रंथालय वापरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सही, शिक्का. मला वाटतं, हे पत्र हे कॉलेज लायब्ररीचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलेलं साधन असावं. ना वर्गणी, ना इंटरनेट.

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे. हायवे तेव्हा चौपदरीकरणात खणून ठेवलेला, एसटीने वेळ किती लागेल ते ड्रायव्हरलाही सांगता येत नव्हतं. तिथे पत्र दाखवलं, रजिस्टरमध्ये सही केली आणि दुपारपर्यंत तो प्रबंध घेऊन बसलो. चिकटवलेले फोटो कडांना पिवळे पडले होते, पण रंग टिकून होता. परवानगी घेऊन त्यांचे फोटो काढले, लक्षणांचा तक्ता हाताने उतरवला. हाताने उतरवताना लक्षात आलं की प्रबंधात रोगाची नावं इंग्रजीत आहेत, पण शेतकरी काय म्हणतात तेही एका ओळीत नोंदवलंय. 'हरण्या' हा शब्द मी पहिल्यांदा छापलेला पाहिला.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून राजवाडे संशोधन मंडळाकडे चक्कर मारली. शाळेत असताना एकदा सहलीत गेलो होतो, तेव्हा फक्त उकडत होतं एवढं आठवतंय. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड ज्या कागदांतून झाले, ते कागद हा माणूस गावोगाव, घरोघर फिरून गोळा करत होता. अमळनेरचं तत्त्वज्ञान केंद्र तर १९१६ पासूनचं. 'आपल्या खान्देशात काही नाही, पुण्याला जावं लागतं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, स्वतःही म्हणतो, आणि आता पुण्यात राहून म्हणतो.

प्रोजेक्टचं पुढचं थोडक्यात. एका बागेतले फोटो शिकवायला वापरले, दुसऱ्या बागेतले परीक्षेला, म्हणजे एकाच झाडाची पानं दोन्हीकडे येणार नाहीत. अचूकता ७८ टक्के आली. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "बाकीच्यांचे ९८-९९ आहेत, तुझे ७८ का?" मी म्हटलं, "सर, हे शेतातले आहेत." त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. मार्क बरे मिळाले. त्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आफ्रिका आणि दक्षिण भारतातल्या बागांमधल्या हजारो फोटोंवर केळीचे रोग ओळखणारा एक मोठा पेपर आला. मी तेव्हा हिंजवडीत इंडक्शनला बसलो होतो. पेपर खुला होता म्हणून वाचता आला. खुला नसता तर वाचता आला नसता, कारण नो ड्यूजवर सही झाली त्या दिवशी डेलनेटची ती चिठ्ठीही माझी राहिली नव्हती.

आता माझी मामेबहीण धुळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला तिच्या बापाच्या बागेवरच प्रोजेक्ट करायचंय. मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला, "दादा, हे सहा पेपर काढून दे ना." यादी चॅटबॉटने दिलेली. चार सापडले. दोन शोधून शोधून थकलो, लेखक खरे, जर्नल खरं, पेपरच अस्तित्वात नाही. सापडलेल्या चारांतले दोन कुलपात. आमच्या वेळी पोरं साय-हब वापरायची हे उघड गुपित होतं. एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात बंद करायचा आदेश झाला. दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स. चांगली गोष्ट आहे, मनापासून. फक्त पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांसाठी आहे. खान्देशातल्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी पोरगी या दोन बातम्यांच्या मधोमध उभी आहे. चोरवाट बंद झाली, राजमार्ग तिच्या कॉलेजपर्यंत आलेला नाही.

मी तिला जे येतं ते सांगितलं. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली 'ऑल व्हर्जन्स' असतं, तिथे बऱ्याचदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत सापडते. अनपेवॉल नावाचं ब्राउझरचं जोडकाम टाक. तरी नाही मिळालं तर लेखकाला सरळ ईमेल कर, पेपरात पत्ता असतो, पैसे प्रकाशकाला जातात, लेखकाला नाही, त्यामुळे लोक आनंदाने पाठवतात. आणि हे सगळं करायच्या आधी तुमच्या लायब्ररीच्या मॅडमकडे जा. पुस्तक मागू नको, काय करतेयस ते सांग.

ती कुरकुरत गेली. एक पेपर लेखकाने दोन दिवसांत पाठवला, दुसरा मॅडमनी दुसऱ्या ग्रंथालयातून आठवड्यात मिळवून दिला. त्या नसलेल्या दोन पेपरांची गोष्ट मॅडमनी नोटीस बोर्डावर लावली म्हणे, तिचं नाव न घेता. आणि मॅडमनी तिला उलटं काम लावलं. कॉलेजचे जुने प्रोजेक्ट रिपोर्ट त्या कॅटलॉगमध्ये विषयवार भरतायत, तर तुझा रिपोर्ट जमा करशील तेव्हा शोधशब्द तूच लिहून दे. तिने मला यादी पाठवली: बनाना, लीफ डिसीज, सीएमव्ही, सिगाटोका, इमेज क्लासिफिकेशन, रावेर. मी विचारलं, "हरण्या?" ती म्हणाली, "तेच भांडण चाललंय. मॅडम विचारतायत इंग्रजीत स्पेलिंग काय करू. मी म्हटलं, मॅडम, मराठीतच टाका, शोधणारा पण मराठीतच शोधेल."