पांकाल

घरात काचेची टाकी येते ती पाहण्याच्या हौसेपोटी. तिच्या भिंती पारदर्शक, वर दिवा, आणि दिवाणखान्यातली तिची जागाही अशी की बसल्या बैठकीवरून सारे नीट दिसावे. सोनमासे, गप्पी, एंजल हे मासे या व्यवस्थेला राजी असतात. निदान तसे भासतात. वाळूत राहणारा मासा मात्र तिचा पायाच हलवतो. असा एक मासा मी चार वर्षे पाळतो आहे, आणि या चार वर्षांत तो मला पुरता दिसला असेल तो अगदी मोजक्या वेळा.

कोलकात्यात बागबाजारपाशी गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पशुपक्ष्यांचा आणि शोभेच्या माशांचा बाजार भरतो. नोकरीनिमित्त या शहरात आलो आणि इथलाच झालो. रविवारच्या त्या गर्दीतून हिंडणे हा निवृत्तीनंतरचा माझा परिपाठ. तिथे एका उथळ टोपात सात-आठ काटेरी वामी एकमेकींच्या अंगाखाली शिरण्याची धडपड करीत होत्या. टोपाच्या तळाशी वाळूचा कणही नव्हता. लपायला दुसरे काही नाही म्हणून त्या परस्परांनाच पांघरत होत्या. मी वाकून पाहतो आहे असे पाहून शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "दादा, हा तर खायचा मासा! हा कोणी पाळतो का?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बंगालच्या मासळीबाजारात पांकाल रोज विकला जातो.

बंगालीत चिखलाला 'पाँक' म्हणतात. आपल्या पंकजातला पंक तोच. चिखलात राहणारा म्हणून पांकाल. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतल्या माशांवरचा आपला ग्रंथ 1822 साली प्रसिद्ध केला, त्यात हेच देशी नाव लॅटिन पेहरावात जाऊन बसले. आज शास्त्रज्ञ या माशाला मॅक्रोग्नॅथस पँकॅलस म्हणतात. आपल्या कृष्णा-भीमा-गोदावरीत सापडणारी वाम ही याचीच थोरली चुलत बहीण. ती दोन-अडीच फुटांपर्यंत सहज वाढते. पांकाल वीतभर लांबीवर थांबतो. कोकणच्या किनाऱ्यावर ज्या समुद्री माशाला वाम म्हणतात, तो निराळ्याच कुळातला. आकार सापासारखा, म्हणून लोकांनी दोघांना एक नाव दिले. खरे तर पांकालचे नाते समुद्रातल्या वामीपेक्षा दलदलीत राहणाऱ्या, बंगालीत 'कुचे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाशी अधिक जवळचे आहे.

हा मासा घरी ठेवायचा तर त्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. टाकीत खडे घालता येत नाहीत. खड्यांनी त्याचे नाजूक, बारीक खवल्यांचे अंग सोलवटते, आणि त्या जखमांतून रोग शिरतो. म्हणून मी बारीक चाळलेली, अनेक पाण्यांनी धुतलेली नदीची वाळू तीन इंच जाडीची पसरली. दिवा मंद केला. झाकणाच्या साऱ्या फटी बुजवल्या, कारण नळीच्या जाडीएवढी वाट मिळाली तरी हा मासा रात्री बाहेर पडतो आणि सकाळी जमिनीवर वाळून गेलेला सापडतो. कोरडे खाद्य तो सहसा तोंडात धरीत नाही. त्याला गांडुळे हवीत, तांबड्या अळ्या हव्यात. इतर माशांना चालणारी तांब्याची औषधेही त्याला सोसत नाहीत. इतके सारे करून झाल्यावर तो वाळूत उतरतो. अंगाला डावीउजवीकडे हेलकावे देतो आणि क्षणात नाहीसा होतो. वर उरतात दोन डोळे आणि हत्तीच्या सोंडेच्या टोकासारखे हलणारे एक इवलेसे नाक. पुष्कळदा तेही नसते.

घरी येणारे विचारतात, "टाकी रिकामीच का ठेवली आहे?" मुले काचेला नाक लावून बसतात आणि कंटाळून उठतात. वाळू काढून टाका, म्हणजे तो दिसेल, असे एका स्नेह्यांनी सुचवले. ते खरेच आहे. वाळूवाचून तो दिसेल. त्या टोपातल्या वामी दिसत होत्या तसा दिसेल. काचेच्या कडेने अखंड येरझारा घालील, अन्नाला तोंड लावणार नाही, आणि आपण म्हणू, काय चपळ आहे!

या निमित्ताने आपल्या भाषेतले दोन शब्द मी पुन्हा पारखून पाहिले. सांभाळ करण्याला आपण 'देखभाल' म्हणतो. त्यात देखणे उघडच आहे. दुसरा शब्द 'निगा'. तो फारसीतल्या 'निगाह'वरून आला. म्हणजे तीही नजरच. जणू ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्यावरून नजर ढळू द्यायची नाही असा दंडकच या शब्दांनी घालून दिला आहे. पण ज्याला नजरच सोसत नाही, त्याची निगा कशी राखावी?

हा प्रश्न मला माशाने प्रथम घातला असे नाही. पत्नीच्या अखेरच्या आजारात तिला उजेड नकोसा झाला होता, आणि उजेडाहूनही लोकांचे बघणे. येणारे प्रेमाने येत, उशाशी बसत, तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत. ती भिंतीकडे कूस वळवी. पुढे पुढे मी पेजेची वाटी आत ठेवून, दार लोटून बाहेर येऊन बसे. तासाभराने वाटी रिकामी झालेली असे, किंवा नसे. तेवढ्यावरून तो दिवस कसा गेला हे मला कळे. लोकांना ते कोरडेपण वाटले असेल. तिला वाटले नाही, एवढे मी जाणतो.

पांकालच्या बाबतीतही माझ्याजवळ पुरावे असतात ते असेच. रात्री टाकलेले गांडूळ सकाळी नसते. वाळूवरची सुरकुती कालच्या जागेवरून हललेली असते. क्वचित मध्यरात्री, बॅटरीला लाल कागद गुंडाळून मी दबकत जातो, तेव्हा तो पाण्यात सैल तरंगताना दिसतो: पाठीवर सुट्या काट्यांची बारीक ओळ, पिवळसर पोट, आणि वास घेत पुढे चाललेले ते नाक.

रामकृष्ण परमहंसांनी संसारी माणसाला या माशाचा दाखला दिला आहे. पांकाल चिखलात राहतो, पण त्याच्या अंगाला चिखल लागत नाही. तसे संसारात राहावे. महेंद्रनाथ गुप्तांच्या 'कथामृता'मुळे हा दृष्टान्त बंगालमध्ये घरोघरी पोचला आहे. आपल्याकडे याच अर्थाने कमळाचे नाव निघते. पण कमळाचे देठ चिखलातून वर येते, आणि फूल पाण्याबाहेर उमलते. पांकाल चिखल सोडून कुठेही जात नाही. म्हणून संसाऱ्याला कमळापेक्षा हा मासाच अधिक जवळचा दाखला आहे, असे मला वाटते. एक गोष्ट मात्र मला या दृष्टान्तात भर घालून सांगाविशी वाटते. त्याचे अंग स्वच्छ आहे हे कळण्यासाठी कोणीतरी त्याला चिखलातून वर काढलेले असते. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थराने त्याला निर्मळ ठेवले हे खरे; पण त्याला जिवंत ठेवले ते चिखलाने. निर्लेप असणाऱ्यालाही पांघरूण लागते.

दर आठवड्याला मी टाकीतले चौथाई पाणी बदलतो. नळी धरून तळाची घाण ओढून घेताना डाव्या कोपऱ्यातला, दगडाच्या आडचा वीतभर भाग मी सोडून देतो. तिथली वाळू जराशी फुगलेली असते.