चंद्रतालाहून चंद्रमपल्लीला

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत ऑफिसातल्या चौघांबरोबर मी स्पितीतल्या चंद्रतालाला गेलो होतो. समुद्रसपाटीपासून साधारण 4,300 मीटरवरचं तळं. बंगळुरूहून विमान, मग मनालीहून गाडी, पुढे दगडधोंड्यांचा रस्ता आणि शेवटचा टप्पा पायी. काठावर तंबू ठोकायला परवानगी नाही, म्हणून मुक्काम लांब आणि सकाळी उठून तळ्याभोवती फेरी. निळं पाणी, भोवती उघडे डोंगर, झाड औषधालाही नाही. दम लागत होता, पण वाट चुकायची भीती नव्हती. पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं, की फिरून आलो तिथंच.

दिवाळीला भालकीला घरी आलो तेव्हा ते फोटो टीव्हीवर लावले. आईने कौतुक केलं. बाबांनी सगळे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "चंद्रमपल्ली बघितलास का रे तू?"

नव्हतं बघितलं. नाव ऐकून होतो. चिंचोळी तालुक्यातलं धरण, एवढीच माहिती. बीदरहून मन्नाएखेळीमार्गे चिंचोळी साठेक किलोमीटर. चंद्रतालासाठी मी आठ दिवसांची रजा टाकली होती, आणि या चंद्रासाठी एक रविवार कधी निघाला नव्हता. बाबांच्या नोकरीची पहिली चार वर्षं त्याच तालुक्यात गेलेली. गणिताचे मास्तर. चंद्रमपल्लीच्या बंधाऱ्यावर पोरांची सहल नेल्याची गोष्ट ते अजून सांगतात. म्हटलं, चला, भाऊबीज झाली की जाऊ. दोघंच.

आता थोडं त्या जागेविषयी. बीदरपासून चिंचोळीपर्यंत आपल्या पायाखाली जो लाल दगड आहे तो जांभा. बीदरचा किल्ला याच दगडात उभा आहे. जमिनीतून काढताना मऊ असतो, उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. याला भोकं फार. पावसाचं पाणी त्यातून खाली झिरपतं, खालच्या काळ्या कातळाला अडतं आणि जिथं डोंगराची कड येते तिथं झरा होऊन बाहेर पडतं. बहमनी काळात बीदरमध्ये खोदलेला करेझ, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, याच हिशोबावर चालायचा. चिंचोळीच्या डोंगरांतही हाच प्रकार आहे. म्हणून कोरडवाहू मुलखात, तुरीच्या रानांच्या मधोमध, अचानक दाट झाडी लागते.

या जंगलाला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे 135 चौरस किलोमीटर. दक्षिण भारतातलं कोरड्या प्रदेशातलं पहिलं अभयारण्य म्हणून ते ओळखलं जातं. साग आहे, चंदन आहे, औषधी झाडं आहेत. लांडगा, तरस, कोल्हा, रानडुक्कर हे रहिवासी. आत आणि कडेला लमाणी तांडेही आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे. गोट्टमगुट्टाचं देवस्थान आहे, आणि पावसाळ्यात एत्तिपोता नावाचा धबधबा पडतो. 'गुट्टा' म्हणजे तेलुगूत टेकडी. तेलंगणाची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि लमाणी, या पाचही भाषा एका चहाच्या टपरीवर ऐकू येतात.

आणि या डोंगरांच्या कुशीत चंद्रमपल्लीचं पाणी. सरनाळा नावाच्या ओढ्यावर 1973 मध्ये पुरं झालेलं धरण. गाडी चालवताना बाबांनी एक गोष्ट सांगितली ती मला अजिबात ठाऊक नव्हती. आपल्या भालकीचं पाणी मांजरेतून गोदावरीला जातं. चंद्रमपल्लीचं पाणी मुल्लामारी, कागिणा करत भीमेला आणि तिथून कृष्णेला. म्हणजे वाटेत कुठंतरी, कळणारही नाही अशा चढावर, आपण दोन मोठ्या नद्यांमधला जलविभाजक ओलांडतो. "तुझ्या चंद्रतालाचं पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं. चंद्रा नदीला. ती पुढे भागा नदीला मिळते आणि तिची चंद्रभागा होते, तीच चिनाब. "म्हणजे तिकडेही चंद्रभागा," बाबा म्हणाले. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच. फक्त चंद्रमपल्लीचं पाणी तिला मिळतं ते पंढरपूरच्याच काय, गाणगापूरच्याही खाली.

दुपारी दीडला पोचलो. चौकीवर नाव-गाव लिहिलं. तिथल्या माणसाने सांगितलं, पलीकडे जाणार असाल तर गावातलं कुणीतरी सोबत घ्या, आणि पाचच्या आत परत या. मी मोबाईल दाखवला. त्यात पायवाटांचं ॲप होतं आणि तळ्याच्या काठाने जाणारी सात किलोमीटरची रेघ आधीच उतरवून घेतली होती. कुणीतरी चालून नोंदवलेली, वेळ सव्वादोन तास. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, एवढं मला कळतं. इंजिनियर माणूस. डबा आणि पाण्याची मोठी बाटली गाडीतच ठेवली. दोन तासांत परत येऊन जेवू, असं मीच म्हणालो. बाबांना मधुमेह आहे, सकाळी गोळी घेऊन निघालेत, हे मला माहीत होतं. डोक्यात आलं नाही.

पहिला तास फार सुंदर गेला. पाऊस चांगला झालेला, तळं काठोकाठ. सागाची मोठी पानं, खाली लाल माती, आणि पाण्यात उतरलेली डोंगरांची सावली. खंड्या एकदा अगदी जवळून गेला. बाबा थांबून थांबून झाडांची नावं सांगत होते, मराठीत एक आणि कन्नडमध्ये दुसरं. मी त्यांना म्हणालो, स्पितीत हे नव्हतं. तिथं नाव विचारायला झाडच नव्हतं.

मग वाट संपली. म्हणजे मोबाईलवर रेघ सरळ पुढे जात होती, आणि पायापुढे पाणी होतं. पलीकडचा काठ दीडशे-दोनशे मीटरवर दिसत होता. मला वाटलं जीपीएस हुकलं. पाच मिनिटं थांबलो, बिंदू बरोबर आमच्यावरच होता. मग म्हटलं, पाण्याला वळसा घालून जाऊ. तो वळसा अर्धा तास चालला, तेव्हा कुठं पलीकडे पोचलो आणि रेघ परत सापडली. दहा मिनिटांत पुन्हा तेच. पुढे पाणी आणि रेघ पाण्यातून.

उलगडा झाला तेव्हा लाज वाटली, कारण गोष्ट साधी होती. चंद्रताल हे निसर्गाचं तळं. त्याला एक तोंड आहे. पाणी त्या तोंडापर्यंत चढतं आणि जास्तीचं वाहून जातं. काठ फारसा हलत नाही, म्हणून वाटही हलत नाही. धरणाचं तसं नसतं. पावसाळ्यानंतर पाणी दरीदरीत शिरतं, हाताच्या बोटांसारखं. मग शेतीला सोडत सोडत उन्हाळ्यापर्यंत ते खाली जातं आणि ती बोटं कोरडी पडतात. मी ॲपवर नोंदीची तारीख उघडली. मे महिना. ज्याने ती वाट नोंदवली तो कोरड्या, भेगाळलेल्या गाळावरून सरळ चालत गेला होता. त्याची सात किलोमीटरची वाट खरी होती. फक्त नोव्हेंबरात ती दोन माणसं पाण्याखाली जाईल इतकी खोल होती.

साडेचार वाजत आलेले. परत फिरायचं ठरवलं. बाबा एका दगडावर बसले. "थोडं थांबू," म्हणाले. एरवी ते थांबू म्हणत नाहीत. बघितलं तर कपाळावर घाम आणि हात थरथरतोय. पोटात सकाळचे दोन घास पोहे, वर गोळी आणि तीन तासांची चाल. साखर उतरली होती. माझ्या पिशवीत पॉवर बँक होती, केबल होती, रेनकोट होता. खायला एक बिस्कीटही नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या म्हणून मी वर चढून ओरडलो. एक म्हातारे गुराखी होते, तांड्यावरचे. माझं कन्नड म्हणजे बसच्या पाट्या वाचण्यापुरतं. घरी मराठी, शाळा मराठी, मग इंग्रजीतून बी.ई., आणि बंगळुरूत दहा वर्षं इंग्रजी-हिंदीवर निघाली. मी मोबाईलवरची रेघ त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. पाण्याकडे हात करून म्हणाले, "नीरु जास्ती अद. ई दारी इल्ला." पाणी जास्त आहे, ही वाट नाही. पुढचं मला कळेना. बाबांना काय झालंय तेही मला सांगता येईना. हातानेच खाण्याची खूण केली आणि खाली बोट दाखवलं.

ते खाली आले. बाबांकडे एकदा बघितलं आणि डोक्याचं फडकं सोडलं. त्यात सीताफळं होती, डोंगरातली, बारकी, चांगली पिकलेली. एक फोडून बाबांच्या हातात दिलं, मग दुसरं. बाबांनी लहान मुलासारखं तोंड लावून खाल्लं. मी पाणी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी घाम थांबला आणि बाबा बोलायला लागले. कन्नडमध्ये. चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं, तरी अडत नव्हतं. कुठल्या गावच्या शाळेवर होतात, कुठल्या साली, अशी चौकशी झाली. त्यानंतर ते म्हातारे बाबांना 'मास्तर' म्हणू लागले आणि बाबा त्यांना 'अण्णा'. मी मधे उभा. माझ्याच जिल्ह्याच्या शेजारी, मला दुभाषा लागत होता.

परतीला अण्णांनी काठाची वाट धरलीच नाही. वरून, झाडीतून नेलं. बैलगाडीची जुनी चाकोरी होती. पाणी कितीही चढलं तरी ही वाट राहते, असं ते म्हणाल्याचं बाबांनी सांगितलं. आमच्या ॲपमध्ये ती नव्हती. चालता चालता दोघांचं बोलणं सुरू होतं. अभयारण्य झालं, जंगल वाचलं, पण शेळ्या कुठं चारायच्या आणि उद्या तांडा उठवला तर जायचं कुठं, ही चिंता. बाबा मला थोडं थोडं मराठीत सांगत होते. साडेपाच वाजून गेल्यावर, अंधार पडता पडता बंधारा दिसला. बाबांनी पैसे पुढे केले, अण्णांनी घेतले नाहीत. डब्यातल्या करंज्या मात्र नातवंडांसाठी घेतल्या. चौकीवरचा माणूस काळजीत उभा होता. त्याचं ऐकून घेतलं. त्याचं बरोबरच होतं.

गाडीत जेवलो. बाबा म्हणाले, "आईला सीताफळाचं सांगू नकोस." सांगितलं नाही. आता ती हे वाचेलच.

आपल्या मंडळातली बरीच मुलं आता ट्रेकला जातात, हिमालयात जातात. जरूर जा. पण एक रविवार चंद्रमपल्लीलाही द्या. सप्टेंबर ते जानेवारी चांगला काळ. वनखात्याची परवानगी आधी काढा, गावातला माणूस सोबत घ्या, त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. सकाळी लवकर निघा. खाणं गाडीत ठेवू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर खिशात गूळ किंवा साखर असू द्या. आणि तिथली वाट दर महिन्याला बदलते, म्हणून ती रोज विचारावी लागते. विचारण्यापुरतं तरी कन्नड शिका. इथं आपण चार-चार पिढ्या राहतोय, आपल्या आजी-आजोबांना ते येत होतं.

मी शिकतोय. दर शुक्रवारी फोनवर अर्धा तास, मास्तर बाबाच. ॲपवरच्या त्या रेघेखाली मी टीपही लिहिली आहे, तिन्ही भाषांत: ही वाट मे महिन्याची आहे, पाणी असताना जाऊ नका. कन्नड ओळीत बाबांनी दोन चुका काढल्या.

येत्या मे महिन्यात पुन्हा जायचं ठरलंय. बाबांना त्या रेघेवरून, कोरड्या तळातून, एकदा सरळ चालून बघायचंय. डबा या वेळी माझ्या पाठीवर असेल, आणि अण्णा भेटले तर त्यांचं नाव-गाव मीच विचारणार आहे.