नकाशातल्या कोऱ्या जागा

निवृत्त माणूस भेटला की लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मग आता वेळ कसा जातो?" बाग, भजनी मंडळ, नातवंडं यांपैकी काहीही उत्तर चालतं. मी मात्र "शनिवारी जग रचते" असं सांगून टाकते आणि मग समोरच्याची पंचाईत होते. तेव्हा मंडळी, आधी जरा समजावून सांगते.

टेबलाभोवती बसून, बोलत बोलत खेळायचा एक खेळ आहे. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे पात्रं सोडून बाकी सगळं जग त्याचं. तो सांगतो, "संध्याकाळ झाली आहे, पूल वाहून गेलाय, पलीकडे एकच दिवा दिसतोय. काय करता?" खेळाडू आपापलं सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. हा फासा वीस बाजूंचा असतो. पडद्यावर काही नसतं. कागद, पेन्सिल आणि तोंड एवढंच भांडवल. माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे मला हे अजिबात परकं वाटलं नाही. दशावतारात तरी दुसरं काय असतं? आख्यान ठरलेलं, पण संवाद ज्याने त्याने उभ्या जागी रचायचे.

आमच्या घरी माझा नातू आणि त्याचे चार मित्रमैत्रिणी खेळायला येतात. त्यांचा आधीचा गेम मास्टर शिकायला परदेशी गेला आणि खेळ बंद पडायची वेळ आली. नातू म्हणाला, "आजी, तू तेहतीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलंस. तुला न थांबता बोलता येतं, आणि नकाशेही काढता येतात." ही स्तुती की टोमणा ते अजून ठरलेलं नाही. असो. या गोष्टीला तीन वर्षं झाली. मुलांची नावं इथे लिहीत नाही, त्यांच्या पात्रांवरूनच ओळख करून देते : शाहीर (हा माझा नातू), नावाडी, वैदीण, शिकारी आणि चोर. चोर खऱ्या आयुष्यात सीएच्या परीक्षेला बसली आहे.

या खेळाचा उगम अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्याआधीच गायगॅक्सने विस्कॉन्सिनमधल्या आपल्या घरी ग्रेहॉक नावाचं जग मांडलं होतं आणि त्याचे पहिले खेळाडू होते त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस. पुढे या खेळातल्या मंत्रांना जी नावं मिळाली, त्यांतलं एक 'टेन्सर'. म्हणजे अर्नेस्ट या नावाची अक्षरं उलटसुलट केलेली. दुसरं 'मेल्फ', हे त्याच्या धाकट्या मुलाचं, ल्यूकचं पात्र. ही नावं पुढे छापील नियमपुस्तकांत गेली आणि जगभरच्या मुलांच्या तोंडी बसली. मला हे फार आवडतं. जग बापाचं खरं, पण त्यातल्या खुणा मुलांच्या.

तरीही पुष्कळ वर्षं समज असा होता की जग रचायचं ते गेम मास्टरने, इतरांनी त्यात हिंडायचं. मीही तशीच सुरुवात केली. भूगोलाची शिक्षिका म्हटल्यावर काय विचारता! डोंगररांगा, पर्जन्यछायेचा प्रदेश, कुठल्या खोऱ्यात ज्वारी, कुठे भात, सगळं रंगीत पेन्सिलींनी काढलं. मधोमध एक मोठं तळं. मुलांनी कौतुक केलं. पण एक गंमत माझ्या लक्षात येत गेली. मी तयार केलेल्या राजघराण्याच्या सात पिढ्यांपैकी एकाचंही नाव कुणाला आठवत नसे. आणि शाहिराने एकदा सहज, थट्टेत सांगितलेलं, की त्याच्या मावशीची शेळी फक्त पोवाडा ऐकला की दूध देते, ते दीड वर्षानंतरही सगळ्यांच्या लक्षात. शेळीचं वयसुद्धा.

मग मी या विषयावर वाचायला लागले. नातू पुस्तकं आणून देई. बेकर दांपत्याचा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' हा २०१० सालचा खेळ गेम मास्टरला सांगतो की खेळाडूंना सारखे प्रश्न विचार आणि त्यांच्या उत्तरांवर पुढचं बांध. त्याच वळणाचा 'डंजन वर्ल्ड' २०१२ साली आला. त्यात नकाशे काढताना जागा मुद्दाम कोऱ्या ठेवायला सांगितलं आहे. कोरी जागा! विद्यार्थ्यांच्या नकाशात कोरी जागा दिसली की अर्धा गुण कापणारी मी.

पण प्रश्न विचारणं वाटतं तितकं सोपं नाही हो. आम्ही शिक्षक आयुष्यभर प्रश्नच विचारतो, पण त्यांची उत्तरं आम्हाला ठाऊक असतात. ज्याचं उत्तर आपल्याला खरोखर माहीत नाही आणि जे येईल ते मान्य करायचं आहे, असा प्रश्न विचारताना पोटात किंचित गोळा येतो. शिवाय "या गावात काय आहे?" असं मोघम विचारलं तर मुलं गोंधळतात. गाव म्हणजे काहीही असू शकतं, मग सुचत काहीच नाही. त्याऐवजी "या गावात लग्नाच्या पंगतीत वैदिणीला सगळ्यांच्या आधी वाढतात, पण तिच्या शेजारी कुणी बसत नाही. का?" असं विचारावं. अर्धं मी दिलं, अर्धं तिने द्यायचं. आमची वैदीण क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, "कारण कोण मरणार ते मला आधी कळतं, आणि मी ज्याच्या शेजारी बसते त्याच्याकडे सगळे बघायला लागतात." हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

आणखी एक पथ्य पाळते. पात्राला जे आधीपासून ठाऊक असणार, तेवढंच त्या खेळाडूला विचारायचं. त्याचं घर, त्याची माणसं, त्याच्या जातभाईंच्या चालीरीती. पण बंद दाराआड काय आहे ते त्यालाच विचारलं, तर दार उघडण्यात मजा कसली? स्वतःच लपवायचं आणि स्वतःच शोधायचं, हे म्हणजे एकट्याने लपंडाव खेळणं.

शिकाऱ्याला तर एवढंही नको असतं. तो एका कंपनीत संगणकाचं काम करतो. एकदा मी त्याला काही विचारलं तर हात जोडून म्हणाला, "आजी, दिवसभर मी ऑफिसात उत्तरंच देतो. इथे मला नुसतं सापडू द्या ना." मला ते पटलं. वाटणी म्हणजे प्रत्येकाच्या ताटात सक्तीने वाढणं नव्हे. त्याला मी कधीच विचारत नाही. त्याच्यासाठी पायवाटा, ठसे, जुन्या विहिरी असं बरंच दडवून ठेवते आणि त्याला एखादी सापडली की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही तळ्याकाठचं गाव सगळ्यांनी मिळून बसवलं. त्यासाठी एव्हरी आल्डर यांचा 'द क्वाएट इयर' हा २०१३ सालचा खेळ वापरला. त्यात पत्त्यांचा एक कॅट असतो, बावन्न पानं म्हणजे वर्षाचे बावन्न आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू. (आपल्याकडे मोठे ऋतू तीनच! यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी चौकटच्या पानांना 'सुगी' नाव देऊन मिटवलं.) ज्याची पाळी त्याने पान ओढायचं, प्रश्नाचं उत्तर द्यायचं, नकाशात भर घालायची. आपल्याला न विचारता कुणी भलतंच केलं असं वाटलं तर समोर एक सोंगटी ओढून ठेवायची, स्पष्टीकरण द्यायचं नाही. आम्ही सोंगट्यांऐवजी चिंचोके घेतले. इस्पिकचा राजा निघाला की खेळ संपतो. आमच्याकडे तो निघाला तेव्हा शिकाऱ्यासमोर सात चिंचोके होते. बोलला काही नाही, पण चिंचोके बोलत होते. गाव मात्र झकास बसलं.

आता खरी गोष्ट सांगते. तळं माझं होतं. त्याच्या तळाशी एक बुडालेला किल्ला आणि त्यात खजिना, असं माझ्या वहीत चौदा पानं भरून लिहिलेलं. सगळ्या मोहिमेचं टोक तिथे होतं. मुलांची नाव त्या पाण्यात निघाली तेव्हा सहज म्हणून मी नावाड्याला विचारलं, "तळ्याच्या मधोमध एका ठिकाणी तुमचे लोक वल्ही उचलून घेतात, नाव नुसती वाहू देतात. का रे?"

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खाली आमची घरं आहेत, आजी. वल्हं आजोबांच्या कौलांना लागेल."

त्याचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. त्याने ते कधी पाहिलेलं नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. मी ते वर्गात कितीतरी वेळा शिकवलं आहे : जलाशयाचं नाव यशवंतसागर, 'जोड्या लावा'मध्ये उजनीसमोर भीमा. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि लोक ते बघायला जातात, फोटो काढतात. नावाडी म्हणाला, त्याचे आजोबा अशा वेळी कधीच तिकडे जात नसत.

त्या रात्री मी वही काढून बसले. टेबलावर बोललेलं खरं मानायचं, हे आमचं ठरलेलं. मग किल्ला तळ्यातून उचलला आणि काठावर ठेवला. त्याच्या तटाला एक भिंत जोडली. धरणाची. ज्या सरदाराची मला आत्तापर्यंत नुसती मिशी आणि पागोटं ठाऊक होतं, त्याने काय केलं होतं ते आता मला कळलं. चौदापैकी नऊ पानं कामी आली.

पुढच्या शनिवारी मात्र ठिणगी पडली. चोर म्हणाली, "नुकसानभरपाई मिळाली असेल ना? मग काहींनी ती दोनदा घेतली असणार." हिशेबाचं डोकं, दुसरं काय. नावाड्याचा चेहरा उतरला. आमच्या टेबलावर एक फुली मारलेलं कार्ड नेहमी असतं. विषय नको असेल तर त्याला हात लावायचा, कारण सांगावं लागत नाही. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "घेतली असेल. माझ्या आजोबांनी नाही." मी म्हटलं, त्या गावाबद्दल काही भर घालायची तर आधी याला विचारा. त्यावर चोर उसळली, "मग जग सगळ्यांचं कसं, आजी?" तिचंही चूक नव्हतं. बेन रॉबिन्स यांच्या 'मायक्रोस्कोप' या २०११ सालच्या खेळात गेम मास्टरच नसतो. ज्याची पाळी त्याचा शब्द अखेरचा. दुसऱ्याने उभारलेलं शहर जाळलं तरी त्याने हूं की चूं करायचं नाही. एका संध्याकाळपुरतं ते छान आहे. तीन वर्षं एका टेबलावर बसणाऱ्या माणसांना ते झेपेल असं मला वाटत नाही.

चाळीस मिनिटं चर्चा चालली, दोनदा चहा झाला. तोडगा शेवटी वैदिणीने काढला. घर ज्याचं त्याचं, त्याला हात लावायचा तर त्याला विचारून. गाव सगळ्यांचं. म्हणजे भरपाई दोनदा घेणारा माणूस गावात असू शकतो, पण नावाड्याच्या घरात नाही. चोर जरा वेळ पेन्सिल फिरवत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे. मग तो माझा बाप." सगळे तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ती दोघं खेळात एकमेकांशी बोलायची ती जपूनच, आणि ते ऐकताना बाकीच्यांचा चहा गार होतो.

नावाड्याने मग एक प्रश्न माझ्याकडे टाकला. "आजी, या तळ्याचं पाणी कधी उतरतं का?" मी म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाला, "नाही. घरं मी सांगितली. पाणी तुम्ही सांगा."

येत्या शनिवारी त्यांच्या जगात वैशाख लागतो. गेल्या दोन पावसाळ्यांत तिथे किती पाऊस पडला त्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत, त्यावरून पाणी किती उतरेल ते मी काढलं आहे आणि वहीत लिहून ठेवलं आहे. नावाड्याने दोनदा फोन करून विचारलं. नातवाने तर वही कुठे ठेवते तेही शोधून पाहिलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही.