सोड्याच्या पाटीवरची उर्दू

शीतपेयांच्या जुन्या जाहिराती जमवण्याचा मला नाद आहे. इनॅमलच्या पाट्या, पत्र्याचे ट्रे, बाटल्यांचे बिल्ले, ओपनर, कॅलेंडरं आणि गोटी सोड्याच्या बाटल्या असा बराच पसारा गेल्या पंधरा-सोळा वर्षांत घरात साठला आहे. अम्मींच्या लेखी हे सगळं भंगार. एका कॅलेंडरवर बाटली हातात धरलेली बाई आहे; ते भिंतीवर लावायची तर सोयच नाही. तस्वीर असलेल्या खोलीत नमाज कशी पढायची, हा अम्मींचा सवाल. म्हणून ते गुंडाळून कपाटावर ठेवलेलं असतं. पाट्यांवर मात्र फक्त अक्षरं असतात, त्यामुळे त्यांना दिवाणखान्यात परवानगी आहे.

हा माल मिळतो पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटच्या गाळ्यांमध्ये. अलीकडे नकली पाट्या फार झाल्यात, म्हणून हात लावून पाहावं लागतं. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी पसरून सुमारे ८०० अंशांवर भाजलेला थर. प्रत्येक रंगासाठी पाटी पुन्हा भट्टीत जाते. त्यामुळे अस्सल पाटीवरून बोट फिरवलं की रंगांच्या कडा जाणवतात. खिळ्यांच्या भोकांभोवती काचेचे टवके उडून गंज धरलेला असतो. नकली पाटीवर नुसता छापील रंग असतो आणि गंजही मुद्दाम आणलेला असतो.

माझ्या संग्रहात सगळ्यात जवळची वस्तू पाटी नाही, बाटली आहे. गोटी सोड्याची बाटली ही इंग्लंडच्या हायरम कॉड यांची कल्पना; १८७० च्या दशकात त्यांनी तिचं पेटंट घेतलं. गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी रबराचं कडं. गॅस भरताना बाटली उलटी केली की गोटी तोंडाशी येते आणि आतल्या दाबानं रबरावर घट्ट बसते. बूच नको की बिल्ला नको. ही बाटली इंग्लंडमधून केव्हाच गेली, आपल्याकडे मात्र गावोगाव रुजली.

माझे नाना मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात सोड्याचा कारखाना चालवायचे. कारखाना म्हणजे एक खोली, हातानं फिरवायचं यंत्र, पाण्याचा हौद आणि बाटल्या धुणारी दोन माणसं. उरुसात जेवढा खप, तेवढाच जत्रेत. रमजानमध्ये इफ्तारीच्या आधी दुकानासमोर रांग लागायची. पण हीच बाटली दंगलींच्या बातम्यांतही असायची. 'दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या' हे शब्द तिथं जोडीनंच येतात. कुठं दूरच्या शहरात काही घडलं, गावात तणाव आला की आधी आमचं दुकान बंद करायला लावत, असं नाना सांगायचे. ज्या बाटलीनं आयुष्यभर लोकांची तहान भागवली, तिच्यावरून लोक आपल्याकडे शंकेनं पाहतात, याचं त्यांना फार वाईट वाटे. त्यांच्या कारखान्यातली एकच बाटली माझ्याकडे उरली आहे.

दुसरी एक पाटी १९७७ ची गोष्ट सांगते. परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. कोका-कोलानं ते मानलं नाही आणि १९७७ मध्ये ती देशातून गेली. तेव्हा जनता पक्षाचं सरकार होतं आणि उद्योग खातं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होतं. सरकारनं स्वतःचं 'डबल सेव्हन' आणलं, पार्लेनं थम्स अप आणलं, कॅम्पा कोला आलं. दुकानदारांनी मात्र पाट्या फेकल्या नाहीत. पेंटरला बोलावलं आणि त्याच पत्र्यावर नवं नाव लिहून घेतलं. माझ्याकडच्या पाटीवर कॅम्पाचे पोपडे निघालेत आणि खालून कोका-कोलाची लाल अक्षरं डोकावतात. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं पार्लेकडून थम्स अपच विकत घेतलं. पाटीवर कोणतं नाव यावं हे कंपन्या ठरवत राहिल्या, खाली दुकानदाराचं नाव तेच राहिलं.

नाव कोणत्या लिपीत यावं हे मात्र गिऱ्हाईक ठरवायचं. दिवाणखान्यात टांगलेली माझी आवडती पाटी मुंबईतल्या एका कधीच बंद पडलेल्या सोडा कंपनीची आहे. दीड फूट रुंद, निळी, तिच्यावर चार ओळी. इंग्रजी, मराठी, गुजराती आणि उर्दू. चारही लिप्यांत एकच मजकूर: कंपनीचं नाव आणि 'थंडगार सोडा-लेमन'. एकदा शेजारचे काका चहाला आले होते. पाटीकडे बघून त्यांनी सहज विचारलं, "ही पाकिस्तानातून आणली का रे?"

"नाही काका, गिरगावातून," मी म्हणालो.

काका हसले, मीही हसलो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण चार ओळींपैकी तीन ओळी त्यांना मुंबईच्या वाटल्या आणि चौथी एकदम सरहद्दीपलीकडे गेली, हे मनातून जाईना.

पाटी रंगवून घेणाऱ्या त्या मालकाला सलोख्याचा संदेश द्यायचा नव्हता. त्याला बाटल्या खपवायच्या होत्या. रस्त्यानं जाणारं कोण काय वाचतं, एवढंच त्यानं पाहिलं. आणि उर्दू वाचणारे सगळे मुसलमानच होते असंही नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळा, कचेरी, न्यायालय, सगळीकडे उर्दू होती. त्या पिढीतल्या कितीतरी हिंदू मराठी माणसांना उर्दू लिहिता-वाचता यायची.

पाटीचा हाच प्रश्न पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. एका माजी नगरसेविकेनं त्याला हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळली आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीत जन्मलेली भाषा आहे, असं न्यायालयानं सांगितलं. निकाल वाचला तेव्हा मला माझी निळी पाटी आठवली. सोडा विकणाऱ्याला जे न सांगता कळत होतं, ते आता न्यायालयाला सांगावं लागतंय.

पण अक्षरांवर शंका घेण्यात आपलेही लोक मागे नाहीत. २००० साली इजिप्तमध्ये अफवा उठली की कोका-कोलाचं नाव आरशात पाहिलं तर अरबीत इस्लामविरोधी मजकूर दिसतो. ती अक्षरं १८८६ मध्ये अटलांटा शहरात फ्रँक रॉबिन्सन नावाच्या हिशेबनीसानं लिहिली होती. अखेर इजिप्तच्या मुफ्तींना जाहीर करावं लागलं की या नावात इस्लामविरोधी काही नाही. इंग्रजी अक्षरं उलटी करून त्यांत वैरी शोधणारे आणि सरळ लिहिलेल्या उर्दूत वैरी पाहणारे, दोघांचा आजार एकच. समोर काय लिहिलंय ते वाचायच्या आधीच मनात भीती लिहून झालेली असते.

माझी मुलगी मराठी माध्यमात शिकते. निळ्या पाटीवरच्या चारपैकी दोनच ओळी तिला वाचता येतात. आपल्या घरांतली बहुतेक मुलं आज अशीच आहेत. उर्दू आपली म्हणून आपण भांडतो, पण वाचायची वेळ आली की मौलानांना शोधतो. तिसरी ओळ तिला मी शिकवतोय. अलिफ, बे झालं, आता ती 'सोडा' लावून वाचते.

तुमच्या गावातही अशा पाट्या असतील. बंद पडलेल्या हॉटेलवर, किराणा दुकानाच्या फळीमागे, माळ्यावर. रस्ता रुंद करताना, वाडे पाडताना त्या किलोच्या भावानं भंगारात जातात. विकू नका, असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाची अडचण वेगळी. पण विकण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाटी कुठल्या दुकानावर होती, मालक कोण, पेंटर कोण, हे घरातल्या बुजुर्गांना विचारून लिहून ठेवा. त्यावर उर्दू किंवा मोडी असेल आणि वाचता येत नसेल, तर वाचून देणारा शोधा. बहुतेक वेळा तिथं 'थंडगार सोडा-लेमन' एवढंच लिहिलेलं असतं.