अरणगावची गिटार

पुण्याहून नगरला जायचे म्हणजे शिरूर आणि सुपे, हे इतके ठरून गेले आहे की दौंडवरून जातो म्हटले तर लोक काळजीने विचारतात, "का हो, नगर रोड बंद आहे की काय?" रोड चांगला चालू होता. पण शनिवार होता, काष्टीचा जनावरांचा बाजार पाहायची माझी फार दिवसांची इच्छा होती, आणि त्याच रस्त्याने पुढे नगरच्या अलीकडे अरणगाव लागते. काष्टीची हौस माझी. अरणगावचे काम माझ्या भाच्याचे.

त्याचे काम जरा चमत्कारिक होते. भाच्याला गिटारीचे वेड आहे, आणि तेही विजेच्या. नवी चालत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत घडलेलीच हवी. असल्या गिटारी इंटरनेटवरच्या लिलावांत मिळतात. घरबसल्या चित्र पाहायचे, आकडा टाकायचा, आणि आपल्यावर कुणी चढला की पुन्हा टाकायचा. या बाजारात वयाला फार मान. फेंडर कंपनी १९६५ साली सीबीएस या बड्या धंदेवाल्यांनी विकत घेतली, तर तिच्या त्याआधीच्या गिटारींना आज जो भाव आहे तो नंतरच्यांना नाही. त्यातून ती कुणा नामवंताच्या हातची असली तर बोलूच नये. डेव्हिड गिल्मर या वादकाची काळी गिटार २०१९ साली लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली!

भाच्याची उडी अर्थात इतकी लांब नव्हती. त्याने पगारातून दोन वर्षे शिल्लक टाकून दीड लाख रुपये जमवले होते. किंमत, विमानाचे भाडे, जकात, सगळे त्यातच बसवायचे. त्याने हेरली होती ती फेंडरचीच, पण 'म्यूझिकमास्टर' या जातीची, म्हणजे शिकाऊ मुलांसाठी काढलेली, एकाच पिकअपची साधी गिटार. विक्रेत्याने मात्र चित्राखाली दोन ओळी लिहिल्या होत्या: गिटार १९७१ सालची असून पहिल्या मालकाने १९७२ साली ती हिंदुस्थानात नेली आणि मेहेरबाबांच्या समाधीपाशी वाजवली. त्या दोन ओळींनी बोली चढत चालली होती. लिलाव सोमवारी पहाटे संपणार होता.

"मामा, समाधी तर आपल्या नगरलाच आहे. खरेखोटे विचारून तरी येऊ," भाचा म्हणाला. ताईने दीड लाखाचा आकडा अजून ऐकला नव्हता, म्हणून तिने खुशाल दशम्या बांधून दिल्या.

काष्टीला पोचलो तेव्हा बाजार रंगात आला होता. संकरित गाई, म्हशी, शेळ्या, आणि कडेला शिंगे रंगवलेले ऐटबाज खिलार. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून त्यांच्याभोवती निराळीच गर्दी असते. दोन वृद्ध दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करत होते. चेहरे असे, की जणू पावसापाण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. कुणी किती म्हटले ते तिसऱ्याला कळायचे नाही. भाचा म्हणाला, "आमच्याकडे उलट आहे. आकडा साऱ्या जगाला दिसतो, माणूस तेवढा दिसत नाही."

एक शेतकरी गाय पाहत होता. मालक तिचे गुणगान करत होता: अमक्याच्या गोठ्यातली, आई तिची इतके दूध देत होती. शेतकरी ऐकून घेत होता, पण त्याचा हात गाईच्या जबड्यात होता. दोनदाती, चारदाती, जुळलेली. पक्के दात किती आले त्यावरून वय कळते. मग त्याने कास दाबून पाहिली, तिला चार पावले चालवले, आणि शेवटी विचारले, "हं, आता बोला." मला त्या गृहस्थाचे फार कौतुक वाटले. भाचा नुसता पाहत उभा होता.

तिथून अरणगाव. मेहेराबाद म्हणतात तो परिसर याच गावाच्या शिवेवर आहे. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे खालचे मेहेराबाद आणि पलीकडे टेकडीवरचे. मेहेरबाबा मूळचे पुण्याचे, इराणी कुटुंबातले. १९२३ साली ते इथे आले आणि १० जुलै १९२५ पासून जे मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. अशा माणसाच्या समाधीशी गिटारीचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. पण संबंध आहे. 'द हू' या विलायती वाद्यवृंदाचा पीट टाऊनशेंड हा त्यांचा भक्त. १९६४ साली लंडनच्या एका कार्यक्रमात याने आपली गिटार फोडली आणि पुढे फोडण्याबद्दलच तो गाजला. त्याच माणसाने १९७१ च्या आपल्या एका गाजलेल्या गाण्याच्या नावात बाबांचे नाव घातले, आणि १९७२ साली तो इथे दर्शनाला आला. विक्रेत्याने नेमके हेच साल का सांगितले असावे, हे आता सांगायला नको.

टेकडीवर समाधीची छोटी घुमटी आहे. आम्ही गेलो तेव्हा एक परदेशी बाई साधी लाकडी गिटार घेऊन हलक्या आवाजात गात होत्या, आणि शेजारी नगरकडच्या दोन आजी डोळे मिटून बसल्या होत्या. बाबांच्या वापरातल्या वस्तू इथे जपून ठेवल्या आहेत. त्या वस्तूंना भाव नाही, कारण त्या कुणी विकत नाही. विक्रेत्याच्या दोन ओळी तिथे उभे राहून मला जरा खटकल्याच.

खाली चहाच्या दुकानात एका वयस्क गृहस्थांना भाच्याने आपला प्रश्न विचारला. "गिटारवाले पुष्कळ येतात," ते म्हणाले. "आता कोणती कुणाची, हे कोण सांगणार? पण विजेची म्हणता? मग तिचा तो आवाजाचा खोका टेकडीवर कुणी वाहून नेला?" हा मुद्दा बिनतोड होता. विजेची गिटार ॲम्प्लिफायरवाचून डासाइतकीच वाजते.

रात्री नगरच्या लॉजवर भाचा एकदम उठून बसला. "मामा, दात!" म्हणाला. गिटारीलाही दात असतात हे मला नवीन होते. आवाज कमीजास्त करायच्या कळीच्या पोटात एक आकडा ठोकलेला असतो. पहिले तीन अंक कारखान्याचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. त्याने विक्रेत्याला लिहिले: वरची पट्टी उघडून आतला फोटो पाठवावा, सोल्डरिंगही दिसू द्यावे.

रविवारचा दिवस वाट पाहण्यात गेला. मी किल्ला पाहिला. १९४२ च्या चळवळीतल्या स्थानबद्धतेत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिली ती इथे. भाच्याने किल्ला पाहिला असे म्हणवत नाही. त्याने मोबाइल पाहिला. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण रिक्षावाले अजून नगरच म्हणतात.

संध्याकाळी फोटो आला. आकडा होता १३७७६१२. कारखाना १३७, साल ७६, आठवडा बारावा. कळ मागाहून बदलली असती तर सोल्डरिंग उकललेले दिसते; हे जुने, मळके, कुणी न छेडलेले होते. म्हणजे १९७२ साली ही गिटार जन्मालाच आली नव्हती. भाच्याने हे सभ्य शब्दांत कळवले. विक्रेताही भला निघाला. त्याने ती एका घरच्या जुन्या सामानात घेतली होती आणि ऐकली ती गोष्ट लिहिली होती. तासाभरात त्याने साल दुरुस्त केले आणि दोन्ही ओळी काढून टाकल्या. तिघांनी विनंती करून आपल्या बोली मागे घेतल्या.

"आता सोडून दे," मी म्हटले.

"का? गिटार तीच आहे की. मान सरळ आहे, पडदे फारसे झिजलेले नाहीत, रंग मूळचा आहे. गोष्ट गेली, त्याचे मी पैसे देणारच नव्हतो."

सोमवारी पहाटे साडेसहाला लिलाव संपत होता. शेवटचे दहा सेकंद उरले तेव्हा त्याने आपला एकच आकडा टाकला आणि मोबाइल उशीखाली सारला. मीच तो काढून पाहिला. गिटार त्याची झाली होती, आणि दीड लाखातले थोडे उरतही होते.

महिन्याने खोके आले. ताईने गिटार उलटीसुलटी करून पाहिली, खरचटलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "जुनीच दिसते. कितीला पडली?" भाच्याने खुंटीवरचा पंचा घेतला, तिच्या हातावर टाकला, आणि आपला हात खाली घातला.