डिकीस अनावृत पत्र

प्रिय डिकी,

तुला आजवर कुणी पत्र धाडलं नसेल. लोक इंजिनाचं कौतुक करतात, मायलेजवरून भांडतात, हल्ली तर छताला काच आहे का तेही विचारतात. तुझी आठवण होते ती आंब्याच्या पेट्या आणि लग्नाच्या बॅगा भरताना, आणि तेव्हाही लहान म्हणून नावंच ठेवली जातात. मी मात्र सध्या पुण्यातल्या शोरूममधून आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातून तुलाच बघत हिंडतोय. घरात चौतीस किलोचा भीम नावाचा लॅब्रॅडोर आहे, गाव दापोलीकडे आहे आणि खिशात सात लाखांच्या वर काही नाही.

पहिली तक्रार तुझ्या मापाची. कंपन्या ते लिटरमध्ये सांगतात. रीत अशी की २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे एक लिटर, आणि असे जितके ठोकळे तुझ्यात मावतील तितके तुझे लिटर. ठोकळे चाकाच्या फुगवट्याशेजारी, कोपऱ्यात, खाचेत कुठेही शिरतात. भीम अखंड आहे. खांद्याशी ५८ सेंटिमीटर, मान वर करून बसला की पाऊण मीटरच्या घरात. शिवाय अंग टाकण्याआधी त्याला स्वतःभोवती एक फेरी मारावी लागते, तिला जागा लागते. वॅगन आरच्या माहितीपत्रकात तुझे ३४१ लिटर छापलेत. गाडी उंच म्हणून तूही उंच, हे खरं. पण मागची सीट उभी ठेवली तर भीमचं डोकं आत आणि शेपूट दारात.

म्हणून मी टेप घेऊन जातो. जमिनीपासून तुझा उंबरठा किती वर, दाराची चौकट किती उंच, तळ किती लांब, आणि दार लावल्यावर तिरक्या काचेखाली किती जागा उरते, एवढं बघतो. हे शेवटचं माप कुणीच घेत नाही, आणि घात तिथेच होतो. दार उघडं असताना तू प्रशस्त दिसतेस. दार खाली आलं की काच थेट कुत्र्याच्या कानावर. एका शोरूममध्ये मी तुझ्या तळावर आडवा होऊन दार लावून घ्यायला सांगितलं. विक्रेत्या मुलाने ते लावलं, पण आधी मॅनेजरला विचारून आला.

हल्लीच्या एसयूव्ही दिसायला दांडग्या. पण त्यांचं छत मागे उतरतं आणि उंबरठा मात्र चांगलाच वर. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचं दुखणं पिढीजात असतं. अशा कुत्र्याने रोज इतक्या उंचीवरून उडी टाकणं बरं नव्हे. लातूर-सोलापूरकडचा कारवान उडी सहज मारेल. तो वजनाने हलका, पण भीमपेक्षा उंच, म्हणजे त्याला ती उतरती काच आधी लागणार.

तू इतकी आखूड का झालीस, याचं उत्तर दिल्लीत आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी कुठली? जी चार मीटरच्या आत आणि जिचं इंजिनही लहान. मग गाडीला नाक तर हवं, आतल्या माणसांना गुडघे हलवायला जागा हवी, कापायचं काय? तुला कापलं. डिझायर २००८मध्ये आली तेव्हा तिची डिकी सुमारे ४४० लिटरची होती. २०१२मध्ये गाडी चार मीटरच्या आत बसवली आणि ३१६ लिटर उरले. (सेडानमधली तू म्हणजे बंद पेटी, तिथे कुत्रा ठेवायचा प्रश्नच नाही, पण कात्री कुठे चालली ते कळावं.) सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला, छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आणि मोठ्या ४० टक्क्यांवर गेल्या, चार मीटरची रेघ होती तिथेच आहे.

त्यात सीएनजीची टाकी. पेट्रोलचे भाव बघता ती घेणाऱ्याला मी दोष देत नाही, पण टाकी तुझ्या मधोमध आडवी पडली की भीमला तू नाहीसच. टाटांनी २०२३मध्ये अल्ट्रोझमध्ये एकीऐवजी दोन लहान टाक्या तळाखाली दडवल्या. सामानाची सोय झाली खरी, पण खालची उंची गेली.

मग उरतं कोण? ईको. पाच सीटच्या ईकोत तू म्हणजे अक्षरशः खोली आहेस: छत सपाट, मागची काच जवळजवळ उभी, बाजूची दारं सरकती, त्यामुळे सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्येही कुत्रा सुखाने उतरतो. भाजीवाले आणि रुग्णवाहिकावाले उगीच तिच्यामागे जात नाहीत. ग्रेट डेन पाळणाऱ्याला या पैशात दुसरी गाडी मी तरी सुचवणार नाही. पण इंजिन पुढच्या सीटखाली, एसीचा वारा मागे पोचत नाही, आणि २०१६च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला शून्य तारे मिळाले होते. त्या गाडीत एअरबॅग नव्हत्या, आता आहेत. तरी घाटात माणसं आणि कुत्रा घेऊन जायला माझं मन धजत नाही.

माझा कल २०१९मध्ये आलेल्या ट्रायबरकडे आहे. लांबी ३.९९ मीटर, म्हणजे सरकारी रेघेला नाक लावून उभी. तिसरी रांग लावली तर तू ८४ लिटरची. तीच रांग उचलून घरी ठेवली की ६२५. वरच्या मॉडेलांत एसीचा वारा थेट मागे येतो, आणि कुत्र्याच्या दृष्टीने हे लिटरांहून मोलाचं आहे, कारण तो घामाने नाही, धापा टाकून थंड होतो. २०२१च्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला चार तारे मिळाले. इंजिन एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. ताम्हिणीच्या चढात भरलेली गाडी कुरकुरणार, आणि मागची मंडळी हॉर्न वाजवणार. वाजवू देत. जुन्या बाजारात शेवरोले एन्जॉयही स्वस्तात दिसते, डिकी झकास, पण कंपनीने २०१७मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि सुटे भाग शोधायचा उत्साह माझ्यात नाही.

ज्यांच्याकडे छोटी हॅचबॅक आहे त्यांनी ती विकायची गरज नाही, फक्त कुत्र्याला तुझ्यात कोंबू नये. तिथे मागून धडक बसली तर काचेत आणि त्याच्यात वीतभर अंतर असतं. मागची सीट ६०:४० दुमडत असेल तर मोठा भाग कुत्र्याला, लहान भाग घरच्या एकाला. दुमडलेल्या सीटची पायरी राहते, ती प्लायवूडने भरावी, वर रबरी मॅट, त्यावर जुनी गोधडी. नुसत्या गुळगुळीत तळावर घाटाच्या प्रत्येक वळणाला चारही पाय घसरतात आणि मग ओकारी ठरलेली. पट्टा हार्नेसला बांधावा, गळ्याला कधीच नाही: ५०च्या वेगात गाडी थडकली तर चौतीस किलोचा जीवही ५०च्याच वेगाने पुढे जातो. आणि 'दोन मिनिटांत येतो' म्हणत बंद गाडीत त्याला सोडून जाणाऱ्यांना तू आतून सांग, उन्हात दहा मिनिटांत गाडी दहाएक अंशांनी तापते.

सौदा अजून ठरलेला नाही. शनिवारी हडपसरला एक ट्रायबर बघायची आहे. मालकांना फोनवर सांगितलंय की टेप आणि कुत्रा दोन्ही घेऊन येतोय. 'आणि इंजिन?' असं ते विचारत होते, तेही बघू म्हटलं. तिसऱ्या रांगेच्या दोन सीट त्यांनी कुठेतरी माळ्यावर टाकल्यात, त्या शोधून ठेवायला सांगितल्यात. आमच्या गॅलरीत तुळशीशेजारी जागा आहे. पाहुणे आले की सीट परत बसवायच्या आणि भीमला घरी ठेवायचं, असं घरच्यांचं म्हणणं. मी म्हणतो, पाहुण्यांना एसटी आहे.

तुझा,
भीमचा ड्रायव्हर