जाई-जुईच्या पाठचे नाव

घरात थोरली जाई असली की धाकटीचे नाव जुई ठेवायचे, हे पाळणा टांगण्याआधीच ठरलेले असते. दोन्ही वेली एकाच कुळातल्या, दोन्हींची फुले पांढरी आणि सुवासिक. त्यात जुईचे फूल आकाराने लहान, म्हणून थोरली-धाकटीचा क्रमही वेलींनीच लावून दिलेला. खरा विचार करावा लागतो तो तिसऱ्या बाळाच्या वेळी. शेवंती, अबोली, केतकी, बकुळ ही नावे एकेकटी सुंदर आहेत. पण जाई-जुईच्या शेजारी ती लांब वाटतात. तिसरा मुलगा झाला तर निवड आणखी अवघड होते, कारण मराठी घरांत मुलाला फुलाचे नाव थेट क्वचितच मिळते. अपवाद कमळाचा. पंकज, नीरज, राजीव, अरविंद ही सगळी कमळाचीच नावे. एरवी मुलांसाठी माणसे फुलाच्या आत शिरली आणि तिथून पराग आणि मकरंद घेऊन आली. जाई-जुईच्या भावाला मकरंद हे नाव फार शोभते. ते बहिणींच्या यमकात बसत नाही, तरी त्यांच्याशी असलेले त्याचे नाते कोणालाही सांगावे लागत नाही.

भावंडांची नावे जुळतात ती अशी, अक्षरांपेक्षा मुलुखाने. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर मिळते. सावित्री मात्र पाठ फिरवून कोकणात उतरते आणि अरबी समुद्र गाठते. या पाच नावांत ना आद्याक्षर समान, ना लांबी. तरी ती एकाच डोंगराची लेकरे आहेत हे उघड आहे. घरातली थोरली गायत्री असेल आणि धाकटीचे नाव कृष्णा ठेवले, तर या नात्याचा धागा पुरेसा घट्ट असतो. गोदावरी, भागीरथी, नर्मदा ही आजीच्या पिढीची नावे आता मागे पडली. इंद्रायणी, शरयू, रेवा अजून कानावर येतात. गोदावरीसारखे भारदस्त नाव पुन्हा पाळण्यात यायला हवे. घरात हाक मारायला गोदा आहेच.

ऋतूंची नावे सर्वांत निर्मळ. वसंत, शरद, हेमंत, शिशिर हे मुलगे आणि वर्षा ही त्यांची बहीण, असे कुटुंब एकेकाळी सहज आढळे. सहांपैकी ग्रीष्म तेवढा बहुधा वगळला जातो. रणरणत्या उन्हाला मूल म्हणून हाक मारणे कोणाला फारसे रुचले नाही. या नावांचा मोठा गुण असा की प्रत्येक मुलाला त्याच्या जन्माचा काळ मिळतो. आश्विन-कार्तिकातला शरद आणि माघ-फाल्गुनातला शिशिर एकमेकांची नक्कल करत नाहीत, तरी एकाच वर्षाच्या चक्रात फिरतात. नक्षत्रांचेही तसेच. चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा ही चार नक्षत्रे याच क्रमाने एकापाठोपाठ येतात आणि चारही मुलींची नावे आहेत.

नादाचा विचार अर्थाइतकाच महत्त्वाचा. दीनानाथ मंगेशकरांच्या मुली लता, मीना, आशा, उषा. लतादीदींचे पाळण्यातले नाव हेमा होते. तेही याच घडणीचे. एक वेल, एक पहाट, बाकीच्यांचा निसर्गाशी संबंध असेलच असे नाही, पण चारही नावे दोन अक्षरी आणि आकारान्त असल्याने एका घरातली वाटतात. पाठचा भाऊ हृदयनाथ. त्याच्या नावाने वडिलांच्या नावाशी नाते जोडले. सारखेपणा फार झाला तर मात्र रोजचा घोटाळा होतो. रेवा आणि रेवती अशा दोघी असतील तर स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला एक तरी चुकीची ओ येते. नव्या नावाची खरी परीक्षा थोरल्या भावंडाच्या जिभेवर होते, कारण दिवसभर ते नाव तेच घेणार असते. तीन वर्षांच्या मुलाला ऋतुजा म्हणता येत नाही, तारा म्हणता येते.

आधीच्या भावंडांवरून नाव ठेवण्याची एक दुःखाची परंपराही महाराष्ट्रात होती. मुले जगत नसली की पाठच्याला धोंडू, दगडू म्हणत. दगडाला कोणाची दृष्ट लागणार? हीही निसर्गातलीच नावे, पण भयातून आलेली. त्याहून कठोर नाव मुलींच्या वाट्याला आले. आधी बहिणी झालेल्या घरात पुन्हा मुलगी झाली की तिला नकोशी, नकुसा म्हणत. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्या मुलींचे नाव थोरल्या बहिणींची संख्या सांगत होते, त्यांच्याविषयी काहीच सांगत नव्हते. म्हणून आज भावंडांना शोभणारे नाव निवडतानाही पाहिले पाहिजे की ते एकटे उभे राहते का. शाळेच्या हजेरीत जुईच्या पुढे-मागे जाई नसते. पूर्वी काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहून सुनेचे नाव बदलत, आणि माहेरच्या बहिणींची जोडी तिथेच तुटे. आता मुलीचे नाव जन्मभर तिचेच राहण्याची शक्यता अधिक, तेव्हा निवडीची जबाबदारीही मोठी.

बाराव्या दिवशी आत्याने कानात सांगायचे नाव त्याआधी ठरावे, अशी घाई घरोघरी असते. कायद्याची तेवढी घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंबशुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नोंदवता येते. तोवर दोन-तीन नावे घरात बोलून पाहावीत, थोरल्या भावंडाकडूनही म्हणवून घ्यावीत, आणि जे सर्वांच्या तोंडी बसेल ते दाखल्यावर लिहावे.